यमदूताची ज्युरी आणि दूरदर्शनची एक रात्र: एका कॉलेजपटाचं प्रकरण

१९८९ साली दूरदर्शनने रात्री उशिरा एक चित्रपट दाखवला. नाव चांगलंच लांब: 'इन विच ॲनी गिव्ह्ज इट दोज वन्स'. दिल्लीतलं एक आर्किटेक्चर कॉलेज, शेवटच्या वर्षाची पोरं, त्यांचं हॉस्टेल, डोक्यावर आलेला थिसिस आणि खुर्चीत बसलेले प्राचार्य, एवढीच सामग्री. मारामारी नाही, बागेतलं गाणं नाही, शेवटी ट्रॉफी उचलणारा नायक नाही. ३६व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला दोन सन्मान मिळाले: सर्वोत्कृष्ट पटकथा आणि सर्वोत्कृष्ट इंग्रजी चित्रपट. तरी तो थिएटरात लागला नाही, आणि दूरदर्शनवरची ती एक रात्र सरल्यावर जवळजवळ दिसेनासा झाला.

आणि तरीही तो मेला नाही. व्हिडिओ कॅसेटवरून कॅसेटवर उतरत, पुढे यूट्यूबवर धुरकट स्वरूपात फिरत तो पोरांपर्यंत पोचत राहिला. आर्किटेक्चरच्या मुलांना सीनियर्सनी आवर्जून दाखवायचा चित्रपट, अशी त्याची ओळख झाली.

स्वतंत्र चित्रपट का चालला नाही, ही चर्चा आपल्याकडे पैशापाशी सुरू होते आणि वितरकापाशी संपते. या प्रकरणात तेवढ्याने भागत नाही. या चित्रपटाने काही निर्णय असे घेतले की मोठा प्रेक्षक मिळणं जवळपास अशक्यच होतं. माझं म्हणणं असं की तो इतकी वर्षं टिकला तोही याच निर्णयांमुळे. म्हणून ते निर्णय नीट पाहायला हवेत.

आधीची परिस्थिती

पटकथा अरुंधती रॉय यांची, दिग्दर्शन प्रदीप क्रिशन यांचं. रॉय यांचं नाव आज कादंबरी आणि राजकीय लेखनामुळे जगभर माहीत आहे, पण बुकर मिळवून देणारी कादंबरी आली १९९७ साली. त्याच्या जवळपास दशकभर आधीची ही गोष्ट. त्या केरळात वाढल्या, सोळाव्या वर्षी दिल्लीला आल्या आणि तिथल्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये शिकल्या. चित्रपटातलं कॉलेज नावाने वेगळं आहे, पण ते कुठून आलं हे उघड आहे.

प्रदीप क्रिशन दिल्लीच्या रामजस कॉलेजात इतिहास शिकवत होते. त्यांचा पहिला चित्रपट 'मॅसी साहिब', १९८५ सालचा. रघुवीर यादव मुख्य भूमिकेत, आणि त्यात एका आदिवासी मुलीच्या भूमिकेत अरुंधती रॉय. पुढे दोघांनी स्वातंत्र्यलढ्याच्या काळावर एक मोठी दूरदर्शन मालिका करायला घेतली, ती पूर्ण झाली नाही. या अर्धवट राहिलेल्या कामाचं महत्त्व मला फार वाटतं. एवढा मोठा पट हातून सुटल्यावर दोघं वळली ती एका हॉस्टेलच्या खोलीकडे, रॉय यांना आतून माहीत असलेल्या जगाकडे. जी जागा दाखवायची तिथे लेखिका स्वतः राहिलेली होती. तिथे कोण कोणाला काय नावाने हाक मारतं, मास्तर कोणत्या सुरात दरडावतो, जागरणाच्या रात्री पोरं काय बरळतात, हे तिला कुणाला विचारावं लागत नव्हतं.

गोष्ट

काळ १९७४ चा. ॲनी म्हणजे आनंद ग्रोव्हर, काम केलंय अर्जुन रैना यांनी. हा शेवटच्या वर्षात अडकलेला आहे. अभ्यासात कच्चा म्हणून नव्हे. काही वर्षांपूर्वी त्याने प्राचार्यांची टिंगल केली होती, आणि तेव्हापासून प्राचार्य त्याला पुढे सरकू देत नाहीत. प्राचार्यांचं नाव वाय. डी. बिलिमोरिया. पोरांनी आद्याक्षरांवरून त्यांचं बारसं केलंय 'यमदूत'. ज्याने कधी हॉस्टेलात दिवस काढलेत त्याला या एका नावात सगळं कॉलेज दिसेल.

ॲनीच्या खोलीत कोंबड्या आहेत. हौस म्हणून नाहीत, अंडी विकून चार पैसे मिळावेत म्हणून. ज्या खोलीत ड्रॉइंग बोर्ड, त्याच खोलीत कोंबड्या. हॉस्टेलच्या पलंगाखाली ट्रंक, वर मच्छरदाणीच्या काठीला वाळत घातलेले कपडे, आणि मधून कोंबडी फिरतेय, हे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभं राहायला वेळ लागत नाही. चित्रपट त्यावर हसायला थांबत नाही. कोंबड्या आहेत म्हणजे आहेत. विक्षिप्त माणसाचं विक्षिप्तपण मित्रांनी किती सहज पचवलेलं असतं, ते असं न बोलता कळतं.

आणि ॲनीची योजना. भारतभर रेल्वेच्या रुळांच्या दोन्ही बाजूंना फळझाडं लावायची. गावोगावची माणसं रोज सकाळी रुळांकाठी बसतात, त्यामुळे खताची सोय आधीच झालेली. पाणी? गाड्यांनाच फवारे बसवायचे. गाडी जाता जाता झाडांना पाणी घालेल. ॲनी हे अतिशय गंभीरपणे सांगतो. पहाटेच्या लोकलने किंवा पॅसेंजरने प्रवास केलेल्या कुणाही मराठी माणसाला हे ऐकून आधी हसू येईल, पण लगेच लक्षात येईल की या वेड्याने खिडकीतून बाहेर पाहिलंय. खिडकी बंद करून घेणाऱ्या शहाण्यांपेक्षा त्याने जास्त पाहिलंय. योजनेतला प्रत्येक घटक खरा आहे: जमीन पडून आहे, खत पडतं आहे, गाड्या जातच आहेत. फक्त त्यांची मोट बांधण्याची कल्पना अचाट.

कॉलेजवरच्या विनोदी चित्रपटात लहरीपणा म्हणजे अनेकदा रंगीत कपडे आणि चमत्कारिक हावभाव एवढंच असतं. इथे लहरीपणाला बुद्धी आहे. पाच वर्षं ज्याला इमारतींचे नकाशे काढायला शिकवलं, तो विचार करतोय ज्यांना संडास नाही त्यांचा, तोही फळझाडांच्या भाषेत. दिग्दर्शक प्रदीप क्रिशन यांनी पुढे चित्रपट सोडून झाडांचाच अभ्यास केला, हे इथे सांगायलाच हवं. दिल्लीतल्या झाडांवरचं त्यांचं पुस्तक २००६ साली आलं, मध्य भारताच्या जंगलांतल्या झाडांवरचं २०१३ साली, आणि जोधपूरला मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याच्या खडकाळ जमिनीवर तिथल्या मूळच्या वनस्पती परत रुजवण्याचं मोठं काम त्यांनी केलं. ॲनीची योजना कुणाच्या हातून पडद्यावर गेली, हे त्यावरून समजतं.

ॲनीभोवती मित्र आहेत. मॅनकाइंड नावाचा एक, ऋतुराज सिंग यांनी केलेला. त्याचा युगांडाचा रूममेट कासोझी. राधा, म्हणजे स्वतः अरुंधती रॉय, आणि तिचा मित्र अर्जुन. कासोझीची उपस्थिती मला विशेष वाटते. आफ्रिकेतून शिकायला आलेली मुलं दिल्लीत, पुण्यात, मुंबईत इतकी वर्षं राहतात, पण आपल्या पडद्यावर ती आली तर गुंड म्हणून, नाहीतर नाचणाऱ्यांच्या घोळक्यात. इथे तो मित्रांतला एक मित्र आहे, बाकीच्यांइतकाच थिसिसने पिडलेला. १९७४ साली युगांडात इदी अमीनची राजवट होती आणि दोनच वर्षांपूर्वी तिथून भारतीय वंशाच्या हजारो लोकांना हाकललं गेलं होतं. युगांडाचा मुलगा दिल्लीच्या हॉस्टेलात निवांत गप्पा मारतोय, हे त्या पार्श्वभूमीवर पाहिलं की वेगळं दिसतं.

सगळे मित्र मिळून ॲनीला या वर्षी पार करायचं ठरवतात. कसं, ते इथे फोडत नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांचा तो आनंद आहे.

ज्युरी हेच खरं नाट्य

आर्किटेक्चरबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगावं लागेल. बी.आर्क. पाच वर्षांचं. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक प्रकल्प घेऊन थिसिस करायचा असतो आणि तो ज्युरीसमोर मांडायचा असतो. आपल्या शीट भिंतीवर टाचायच्या, मॉडेल टेबलावर ठेवायचं, आणि समोर बसलेल्या परीक्षकांना सांगायचं की हे मी असं का केलं. तेव्हा संगणक नव्हता. पारदर्शक ट्रेसिंग पेपरवर रोटरिंग पेनाने शाईचं ड्रॉइंग, रेघ चुकली तर ब्लेडने हलकेच खरवडायची, मग त्याच्या अमोनिया प्रिंट, म्हणजे नकला, काढायच्या. सबमिशनच्या आधीचे दिवस म्हणजे सलग जागरण. ज्युरीसमोर उभं राहणारं पोरगं झोपलेलं नसतं, खाल्लेलं नसतं, आणि महिनोन्महिन्यांच्या कामाचा निकाल काही मिनिटांत लागणार असतो.

आता यात गणितासारखं बरोबर उत्तर नाही. डिझाइन आवडलं नाही, एवढं परीक्षकाने म्हटलं तरी पुरे. म्हणजे खुर्चीतल्या माणसाच्या मनात वर्षांपूर्वीचा राग असेल तर तो मार्कांतून काढता येतो, आणि कुणी बोटही दाखवू शकत नाही. विनोदी चित्रपटाला यापेक्षा चांगली रचना मिळणं कठीण. सत्ता एका खोलीत, एका टेबलामागे बसलेली. तिला कायद्याचा आधार आहे, शिष्टाचाराचा आहे, गोड बोलण्याचाही आहे. समोरच्याच्या हातात फक्त हजरजबाबीपणा.

यमदूताचं काम केलं रोशन सेठ यांनी. हा निर्णय मला या चित्रपटाच्या सर्वांत हुशार निर्णयांपैकी वाटतो. 'गांधी' चित्रपटात त्यांनी नेहरू केले होते, आणि १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या 'भारत एक खोज'मध्येही नेहरू तेच. म्हणजे ज्या चेहऱ्यात प्रेक्षक देशाचा सुसंस्कृत, विचारी पंतप्रधान पाहत होते, तोच चेहरा इथे पोरांना खेळवणारा प्राचार्य झाला. उत्तम इंग्रजी, नेटका पोशाख, मृदू आवाज. ओरडणारा खाष्ट मास्तर दाखवला असता तर तो केव्हाच विसरला गेला असता. हा माणूस सभ्य आहे म्हणूनच त्याच्यापुढे पोरांची दातखीळ बसते.

राधाच्या ज्युरीत चित्रपट आपलं खरं मन उघडं करतो. तिचं म्हणणं असं की आपल्या प्रत्येक शहरात दोन शहरं असतात. एक, ज्यासाठी नियम, नकाशे, आर्किटेक्ट आहेत. दुसरं, जे नकाशावर नाहीच, पण ज्याच्या कष्टांवर पहिलं चालतं. आणि या दोघांचं युद्ध चालू आहे. हे सगळं ती अशा परीक्षकांना सांगते ज्यांना तिच्याकडून इमारत हवी आहे.

हे भाषण आकाशातून पडलेलं नाही. चित्रपटातल्या काळानंतर दोनच वर्षांनी, आणीबाणीत, दिल्लीच्या तुर्कमान गेटजवळच्या वस्तीवर बुलडोझर चालले. १९८१ साली मुंबईत फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवण्याचा सरकारी निर्णय झाला, त्याविरुद्धचा ऑल्गा टेलिस खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९८५ च्या निकालात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं न्यायालयाने म्हटलं. ही पटकथा त्यानंतर दोन-तीन वर्षांतच लिहिली गेली. रॉय यांच्या पुढच्या सगळ्या लेखनाचं बीज, नर्मदेच्या धरणांवरच्या निबंधांसकट, राधाच्या या काही वाक्यांत आहे असं मला वाटतं. आणि ते एका गमतीदार कॉलेजपटात, अंड्यांच्या आणि कोंबड्यांच्या शेजारी आहे. प्रेक्षक हसण्याच्या तयारीत असतो, त्यामुळे तो ते ऐकून घेतो.

भाषेचा निर्णय

आता सर्वांत महागात पडलेला निर्णय. चित्रपट 'इंग्रजी' गणला गेला खरा, पण त्यातली पोरं ज्या भाषेत बोलतात ती कुठल्याच पुस्तकात नाही. वाक्य इंग्रजीत सुरू होतं, हिंदीत वळतं, मध्ये पंजाबी शिवी येते, आणि वर त्या काळच्या दिल्ली विद्यापीठाच्या परिसरातलं खास पोरांचं बोलणं. चित्रपटाचं नावसुद्धा त्याच बोलीतलं आहे, एखाद्याने आपले नेहमीचे रंग दाखवायला सुरुवात केली अशा अर्थाचं. बाहेरच्याला ते नुसतं वाचून कळणार नाही, आणि चित्रपट समजावून सांगायला थांबत नाही.

व्यवहार पाहणाऱ्या कुणीही सांगितलं असतं की दोनांपैकी एक करा. सरळ हिंदीत करा, म्हणजे देशभर चालेल. नाहीतर स्वच्छ इंग्रजीत करा, म्हणजे परदेशी महोत्सवांत जाईल. भारतीय दिग्दर्शकांनी इंग्रजीत केलेले चित्रपट तेव्हा मोजकेच होते. अपर्णा सेन यांचा '३६ चौरंगी लेन' १९८१ चा, पण त्यातली मुख्य व्यक्ती अँग्लो-इंडियन शिक्षिका, तेव्हा इंग्रजी तिच्या तोंडी स्वाभाविकच होती. देव बेनेगल यांचा 'इंग्लिश, ऑगस्ट' आला १९९४ साली, नागेश कुकुनूर यांचा 'हैदराबाद ब्लूज' १९९८ साली. शहरी भारतीय पोरं भाषांची सरमिसळ करून बोलतात आणि तसंच पडद्यावर बोलू शकतात, हे नव्वदच्या दशकात हळूहळू मान्य झालं. हा चित्रपट आधी आला. त्याच्यासाठी वाट तयार नव्हती, वर्गवारीचा कप्पाही नव्हता.

पण दुसरी बाजू पाहा. त्याच पोरांना शुद्ध हिंदीत बोलायला लावलं असतं तर ती कॉलेजपटातली पोरं झाली असती, या कॉलेजातली नव्हे. बोली घालवली की विनोद जातो, कारण इथला विनोद प्रसंगांत कमी आणि बोलण्याच्या लकबीत जास्त आहे. हेच सूत्र मराठीत वेगळ्या अर्थाने आपण जाणतो. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांत जी एकांकिका आपल्या गावची, आपल्या वसतिगृहाची भाषा जशीच्या तशी स्टेजवर आणते, तिचं नाव पोरं वर्षानुवर्षं काढतात. पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी पुण्यात भरत नाट्य मंदिराबाहेर उभं राहिलेल्या कुणालाही हे सांगायची गरज नाही. मोठं व्हावं म्हणून भाषा गुळगुळीत केलेल्या एकांकिका मात्र निकालाबरोबर विरतात.

कलाकार

बरेच चेहरे दिल्लीच्या हौशी रंगभूमीवरून आलेले. बॅरी जॉन यांच्या थिएटर ॲक्शन ग्रुपमध्ये त्या काळी एक जबरदस्त पिढी घडत होती. ऋतुराज सिंग, दिव्या सेठ त्यातलेच. शाहरुख खान आणि मनोज बाजपेयीही त्यातलेच, आणि दोघंही या चित्रपटात अगदी छोट्या भूमिकांत आहेत. शाहरुखची 'फौजी' मालिका १९८९ मधलीच, 'दीवाना' यायला तीन वर्षं होती. मनोज बाजपेयींचा 'सत्या' १९९८ चा.

हल्ली इंटरनेटवर या चित्रपटाचे तुकडे फिरतात ते बहुतेक शाहरुखच्या चार क्षणांपुरते. त्यातून नवे प्रेक्षक येतात हे चांगलंच, पण त्याच्यासाठी चित्रपट पाहायला बसलेल्याची निराशा होईल. इथे कुणीच स्टार नाही, तेच याचं बळ आहे. माणसं एकमेकांना ओळखतात असं वाटतं, कारण त्यातली बरीच खरोखरच ओळखत होती. तालमींची सवय असलेला संच एकमेकांच्या वाक्यावर वाक्य टाकतो, मध्येच तोडतो, उत्तराची वाट पाहत नाही. कॉलेजच्या कट्ट्यावर असंच बोलणं चालतं.

एकच दार

१९८९ चं दूरदर्शन डोळ्यांसमोर आणा. उपग्रह वाहिन्या यायच्या होत्या, झी टीव्ही सुरू झालं १९९२ साली. घराघरांत जे काही पोचायचं ते दूरदर्शनवरूनच. रविवारी सकाळी 'महाभारत' लागलं की रस्ते ओस पडायचे. याच दूरदर्शनने फाळणीवरच्या 'तमस'सारखं धाडसी काम दाखवलं होतं, म्हणून त्याला नुसती नावं ठेवण्यात अर्थ नाही. स्वतंत्र चित्रपटकारांना तेव्हा तोच मोठा आधार होता.

अडचण एवढीच की दार एकच होतं. रात्री उशिराची वेळ मिळाली, एकदा मिळाली, विषय संपला. पुनःप्रसारण नाही तर चर्चा नाही, चर्चा नाही तर मागणी नाही, मागणी नाही तर पुनःप्रसारण नाही. थिएटरात चित्रपट पडला तर निदान मॅटिनीला परत येऊ शकतो, तालुक्याच्या गावी फिरू शकतो. दूरदर्शनवरच्या चित्रपटाला तसली दुसरी फेरी नव्हती. शिवाय ज्यांच्यासाठी तो होता ती पोरं हॉस्टेलवर असायची, आणि हॉस्टेलच्या कॉमन रूममधला एकुलता एक टीव्ही रात्री उशिरा चालू ठेवू देणारे रेक्टर फारसे नसत.

तरी कुणीतरी ते रेकॉर्ड केलं. पुढचा सगळा प्रवास त्या कॅसेटांचा. प्रतीवरून प्रत निघाली की चित्र फिकं होतं, आवाज फाटतो, आणि या चित्रपटाचा तर जीवच संवादांत. तरीही पोरं पाहत राहिली. मला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते: हा चित्रपट टिकवला तो बाजाराने नाही, सरकारी संग्रहाच्या उत्साहानेही नाही, तर ज्यांचं आयुष्य त्यात होतं त्यांनी. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले कितीतरी चित्रपट आज कुणाला पाहायला मिळत नाहीत. त्यांना पुरस्कार होते, पण कॅसेट हातोहात देणारी पोरं नव्हती. २००३ साली पेंग्विनने पटकथा पुस्तकरूपात काढली. तेव्हा ज्यांना चित्रपट मिळत नव्हता त्यांना निदान संवाद वाचता आले.

आक्षेप

दोन आक्षेप खरे आहेत. चित्रपट मध्ये रेंगाळतो. गप्पा, सिगारेटी, गच्ची, परत गप्पा, आणि गोष्ट काही पुढे जात नाही. मला ते चालतं, कारण हॉस्टेलातला वेळ असाच जातो, पण पहिल्यांदा पाहणारा कंटाळला तर त्याची चूक नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. हे जग इंग्रजी बोलणाऱ्या दिल्लीकर पोरांचं आहे. सोलापूरहून किंवा परभणीहून मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीतल्या ज्युरीसमोर गळाठणारा मुलगा यात नाही, आणि आपल्याकडच्या आर्किटेक्चर कॉलेजांत अशी मुलं संख्येने कमी नसतात. त्याच्या दृष्टीने ॲनीची बंडखोरी ही चैन वाटू शकते. नापास होत राहणं परवडायला घरून थोडा तरी टेकू लागतो. हे मान्य करूनही मी चित्रपटाच्या बाजूने उभा आहे. तो सगळ्या भारतीय विद्यार्थ्यांच्या वतीने बोलण्याचा आव आणत नाही, आणि आपल्या पोरांना आपल्या शहराची भिंत दिसते हे तो राधाकडून स्पष्ट वदवतो. त्या दुसऱ्या मुलाचा चित्रपट दुसऱ्या कुणी, आतून, त्याच्याच भाषेत करायला हवा. मराठीत ती जागा अजून बऱ्यापैकी रिकामी आहे. आपल्या कॉलेजपटांत प्रेमप्रकरण आणि गॅदरिंग असतं, सबमिशन नसतं.

पुढे काय झालं

याच जोडीचा 'इलेक्ट्रिक मून' १९९२ साली आला. त्यानंतर रॉय कादंबरीकडे गेल्या आणि क्रिशन झाडांकडे. नोव्हेंबर २०१५ मध्ये देशातल्या वाढत्या असहिष्णुतेविरुद्ध लेखक-कलावंत पुरस्कार परत करत होते, तेव्हा रॉय यांनी याच पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार परत केला. त्या बातमीमुळे कित्येकांना प्रथमच कळलं की असा चित्रपट होता.

मग मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो नव्याने जतन करून घेतला, आणि २०२६ च्या बर्लिन महोत्सवात जुन्या अभिजात चित्रपटांच्या विभागात त्याची निवड झाली. चित्रपटाच्या नशिबी आलेली ही सर्वांत मोठी संध्याकाळ. पण महोत्सवाच्या ज्युरीतून, गाझाबद्दलच्या प्रश्नावर, कलेने राजकारणापासून दूर राहावं अशा आशयाची विधानं झाली आणि रॉय यांनी बर्लिनला जायला नकार दिला.

कुणाला वाटेल की इतक्या वर्षांनी मिळालेली संधी का घालवावी. पटकथा वाचलेल्याला तसं वाटणार नाही. इमारतीचा थिसिस मागणाऱ्या परीक्षकांना शहराबाहेर ठेवलेल्या माणसांबद्दल ऐकवणारी राधा त्यांनीच लिहिली होती, आणि पडद्यावर त्याच राधा होत्या. आता जतन केलेली प्रत तयार आहे. महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्यांनी ती मागवावी, आर्किटेक्चर कॉलेजांनी आपल्या हॉलमध्ये लावावी. शक्यतो थिसिस ज्युरीच्या आदल्या आठवड्यात, आणि परीक्षकांनाही बोलावून.